न मोजलेली लेकरं

फेब्रुवारी १९९१ मध्ये मी जनगणनेच्या कामावर होतो. मास्तरकी करणाऱ्याला दर दहा वर्षांनी हे काम चुकत नाही. माझ्या वाट्याला आमच्याच गावाचा अर्धा भाग आला होता आणि त्यात आमचं घरही होतं. बाकीची घरं उरकल्यावर शेवटी स्वतःच्या घराचा कागद भरायला ओसरीत बसलो. त्या गणतीत लग्न झालेल्या प्रत्येक बाईला दोन प्रश्न विचारायचे होते. आजवर जिवंत जन्मलेली मुलं किती, आणि आज हयात किती. आई समोर सुपात तांदूळ निवडत होती.

"तुला लेकरं किती झाली?"

"चार."

"आन् गेलेली?"

तिचा हात थांबला नाही. "ते कायले लिहितं बाबू? गेले ते गेले."

निदान एक तरी माझ्या डोळ्यांदेखत गेलं होतं. तरी मी दोन्ही ठिकाणी ४ लिहिलं. गावातल्या बाकीच्या बायांनीही बहुतेक असंच सांगितलं होतं आणि मीही तसंच लिहून घेतलं होतं. हयात आहेत तेवढीच मोजायची, असा आमच्याकडचा रिवाज. म्हातारी बाई बकऱ्या किती मेल्या ते साल धरून सांगेल, पण हे सांगणार नाही.

मी पाहिलेलं ते १९६६ सालचं. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता. तो झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातले, आणि जुनी माणसं त्याला चांदाच म्हणत. गाव धानाचं. मागे जंगल, पुढे नाला. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की दोन-तीन दिवस ना बंडी जाई ना माणूस. मी आठ वर्षांचा होतो. पौषाच्या थंडीत आईला मुलगा झाला. बाळंतपण मोठ्या आत्यानं केलं. माझ्या बाची ही थोरली बहीण लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. अर्ध्या गावाची नाळ तिनं कापलेली. तिचा हात हलका, असं बाया म्हणत.

ती जे करी ते तिच्या सासूनं, आजीनं केलेलं. वार पडेपर्यंत बाळ जमिनीवरच, उघडं. वार पडली की मग नाळ कापायची, मग आंघोळ घालायची. आईचा पहिला चीक पिळून टाकायचा आणि तीन दिवस कापसाच्या बोळ्यानं गुळाचं पाणी चोखवायचं. बाळंतिणीला पोटभर जेवू घालायचं नाही. यात कुणाचा दुष्टावा नव्हता, हे मला मुद्दाम लिहावंसं वाटतं. आत्याएवढी माया करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

सातव्या दिवशी बाळ पिईना. रडणं मांजराच्या पिलासारखं बारीक झालं. मग छाती भात्यासारखी चालू लागली. दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडे. आत्यानं कपडा बाजूला करून पाहिलं आणि म्हणाली, "डब्बा झाला." आमच्याकडे ही खूण प्रत्येक बाईला ठाऊक होती. पुढे मोठ्या डॉक्टरांनी त्याला न्यूमोनिया म्हटलं, पण रोग ओळखण्यात आमच्या बाया चुकत नव्हत्या. चुकत होता तो उपाय. सुई लाल करून पोटावर डाग दिले. मी शेजारी बसून होतो. मला कुणी बाहेर काढलं नाही. नवव्या दिवशी सकाळी हालचाल थांबली. बारसं व्हायचं होतं, त्यामुळे नाव नव्हतं. बा आणि काका टोपल्यात घेऊन गेले आणि पुरून आले. दुपारी बा धान मळायला गेला.

पुढे कितीतरी वर्षांनी एका विद्यार्थ्याच्या जातीच्या दाखल्यासाठी जुनं कोतवाल बुक पाहायची वेळ आली. आमच्या या भागात इंग्रजांच्या काळापासून गावचे जन्म-मृत्यू कोतवालाच्या तोंडून त्या वहीत जात. हातात वही होतीच, म्हणून पौषाची पानं उलटून पाहिली. आमच्या घरी त्या महिन्यात कुणी जन्मलं नव्हतं आणि कुणी मेलंही नव्हतं.

गावाच्या दारात उपचार नेण्याचा सरकारी प्रयत्न आमच्याकडे पहिल्यांदा आला तो जनता राजवटीत. २ ऑक्टोबर १९७७ ला देशभर योजना सुरू झाली. हजार वस्तीमागे गावातलाच एक माणूस, थोडं शिक्षण, औषधांची पेटी आणि महिन्याला ५० रुपये. आमच्या गावाला मिळाला तो एक तरणाताठा माणूस. त्याच्या पेटीत डोकेदुखीच्या गोळ्या होत्या, मलम होतं. पण बाळंतिणीच्या खोलीत पुरुष कसा जाणार? सव्वा महिना तिकडे घरच्या पुरुषाचीही सावली पडत नसे. देशभरातही निवडले गेले ते बहुतेक पुरुषच. आमच्या पेटीवाल्यानं एकाही तान्ह्या लेकराला हात लावल्याचं मला आठवत नाही. पेटी पुढे त्याच्या घरी सुताऱ्या-खिळे ठेवायला कामी आली.

खरं तर याचं उत्तर महाराष्ट्रातच कुणीतरी शोधून ठेवलं होतं. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य १९७० मध्ये नगर जिल्ह्यातल्या जामखेडला गेलं. त्यांनी गावागावांतून बायाच निवडल्या. त्यांतल्या कित्येक निरक्षर, कित्येक दलित. त्यांना बाळंतपण, लेकरांचं जेवण, हगवण यांचं शिक्षण दिलं. हगवणीची गोष्ट तर फारच सोपी होती, आणि म्हणूनच ती मान्य व्हायला वेळ लागला. आमच्याकडे लेकराला हगवण लागली की आधी त्याचं पाणी तोडत. पाणी दिलं तर आणखी लागेल, हा हिशेब. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, कॉलऱ्याची साथ आली. सलाईन संपत आलेलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा घातलेलं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हातून पाजवलं आणि त्या उपचाराखाली मृत्यू तीन-चार टक्क्यांवर आले. घरी करायचं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे शाळेच्या भिंतीवर मी स्वतः गेरूनं लिहिलं होतं. आत्या ते वाचू शकत नव्हती.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परत आले आणि १९८६ मध्ये त्यांनी गडचिरोलीत 'सर्च'चं काम सुरू केलं. त्यांचं वेगळेपण मला डॉक्टरकीत तेवढं वाटत नाही जेवढं मोजण्यात वाटतं. औषध देण्याआधी त्यांची माणसं घराघरात जाऊन विचारत, कोण जन्मलं, कोण गेलं. दर सहा महिन्यांनी पुन्हा तेच. आधी बायांना हे विचित्र वाटलं. "मेलेल्याची चौकशी करते, मेलेल्याचं काय देणार हे?" असं नळावर बोलत. ('नळ' म्हणजे तेव्हा गावातली एकुलती बोअरिंग.)

१९८८ मध्ये न्यूमोनियाचं काम सुरू झालं. ५८ गावांत उपचार आणि शेजारच्या ४४ गावांत नुसती मोजणी, म्हणजे फरक पडतो का ते कळावं. उपचार करणाऱ्यांत आरोग्य कर्मचारी होते, गावातले शिकलेले तरुण होते, आणि सुईणीही होत्या. आमच्या आत्याला बोलावणं आलं तेव्हा ती साठी ओलांडून पुढे गेली होती. "मले आता काय शिकवते हे पोट्टे," असं म्हणत गेली आणि चार दिवसांनी परत आली ती पिशवीत एक लाकडी पाटी घेऊन.

ती पाटी म्हणजे श्वास मोजायचं यंत्र. अडचण अशी होती की दोन महिन्यांच्या आतलं लेकरू मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल, आणि त्याहून मोठं पन्नास किंवा जास्त, तर न्यूमोनिया धरायचा. पण सुईणीला साठपर्यंत मोजता येत नाही आणि घड्याळ कळत नाही. दहापर्यंत मात्र येतं. म्हणून पाटीवर एक मिनिटाची वाळूची घडी बसवली आणि मण्यांच्या दोन ओळी केल्या. घडी उलटी करायची. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून. लहान लेकराच्या ओळीत सहावा मणी लाल, मोठ्याच्या ओळीत पाचवा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला की औषध सुरू. मी पंचवीस वर्षं गणित शिकवलं, पण एवढा नेमका धडा मला कधी रचता आला नाही.

आत्याचा मात्र स्वतःवर भरवसा नव्हता. आमचा थोरला मुलगा तेव्हा सात महिन्यांचा. दुपारी तो झोपला की ती पाटी घेऊन त्याच्याजवळ बसे आणि मला म्हणे, "तू तुह्या घड्याळात पाह्य. मी माह्या वाळूत पाह्यतो." (आमच्याकडे म्हाताऱ्या बाया 'पाह्यतो'च म्हणतात.) तीन मणी आणि वर सहा. माझ्याकडेही छत्तीस. तीन-चार दुपारी तिनं असं ताडून पाहिलं. एकदा मोजणी संपल्यावर घडी हातात घेऊन बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तो पौषातला. त्याचे किती होते रे?"

"मोजले कुठं होते आत्या."

तिनं घडी पुन्हा उलटी केली. वाळू सगळी खाली येईपर्यंत पाहत राहिली. त्यावर आम्ही पुढे कधी बोललो नाही. सुई मात्र तिनं पुन्हा तापवली नाही. दुसऱ्या गावची माणसं डाग द्यायला बोलवायला आली की ती पाटी आणि औषध घेऊन निघे, आणि त्यावरून तिला शिव्याही खाव्या लागल्या.

या प्रयोगाचे आकडे १९९० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात आले. उपचाराच्या गावांत न्यूमोनियानं मरणारी लेकरं हजारी ८.१, नुसत्या मोजणीच्या गावांत हजारी १७.५. ज्यांना औषध मिळालं त्या ६१२ आजारांत मृत्यू ०.८ टक्के, आणि इकडे न मिळालेल्यांत १३.५ टक्के. औषध होतं को-ट्रायमोक्साझोल, काही रुपयांचं. त्या ४४ गावांचा विचार माझ्या मनातून जात नाही. तिथे सरकारी दवाखाना होता तसाच होता, कुणी काही काढून घेतलं नव्हतं, हे खरं. त्यांच्याशी तुलना केली नसती तर कुणी विश्वास ठेवला नसता, हेही खरं. पण तिथल्या आयांनी आपलं गेलेलं लेकरू सांगितलं, म्हणून पुढच्यांची वाचली. त्यांचं देणं मी धरून चालतो.

एवढं होऊनही पहिल्या महिन्यातली मरणं तशीच भरपूर होती. १९९३ ते १९९५ या काळात जिथे पुढे काम झालं तिथे हजारी ६२ नवजात बाळं पहिल्या २८ दिवसांत जात होती. 'सर्च'नं मग ३९ गावांत गावचीच एकेक शिकलेली बाई निवडली, पाचवी ते दहावी शिकलेली. तिला आरोग्यदूत म्हणू लागले. तिनं सुईणीबरोबर बाळंतपणाला हजर राहायचं, बाळ कोरडं करायचं, गुंडाळायचं, तासाभरात अंगावर पाजायला लावायचं, वजन करायचं, रडलं नाही तर श्वास द्यायचा आणि मग महिनाभर ठरलेल्या दिवशी घरी जायचं. आजवर आमच्याकडे बाळाचं वजन कुणी केलं नव्हतं. केलं तेव्हा कळलं की शंभरातली चाळीसहून अधिक बाळं अडीच किलोच्या आतली. पहिल्या वर्षी नुसतं पाहिलं तेव्हा निम्म्याहून अधिक बाळांना उपचाराची गरज होती आणि मिळाला होता अगदी मोजक्यांना.

आमच्या गावची आरोग्यदूत म्हणून जी निवडली गेली ती माझी विद्यार्थिनी. लग्न होऊन गावातच दिलेली. सातवीत गणितात तिला मीच काठावर पास केलं होतं. म्हणून मनातून मला ही निवड पटली नव्हती. कुणाला बोललो नाही एवढंच.

१९९६ च्या जुलैत, ऐन रोवणीत, माझी धाकटी बहीण बाळंतपणाला आली होती. दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. वजन १७०० ग्रॅम. आरोग्यदूत बाईनं तिला कपड्याच्या उबदार पिशवीत घातलं. बहिणीला चमच्यानं दूध पाजायला शिकवलं. आई आणि काकू चीक टाकायला निघाल्या तर ती त्यांच्यासमोर हात आडवा करून उभी राहिली. माझ्या आईसमोर! सहाव्या दिवशी मुलगी पिईना, रडणं बारीक, अंग थंड. बाईनं तपासलं आणि म्हणाली, "जंतुदोष आहे. दवाखान्यात न्या." नाला तुडुंब. जावई तर 'नाही' म्हणून बसलाच होता. मग तिनं कागद काढला. दवाखान्यात न्यायला सांगितलं होतं, नेलं नाही, घरी उपचाराला आमची संमती आहे, असा तो मजकूर. वाचून दाखवायला मला बोलावलं.

मी वाचला. वाचताना माझा आवाज बरोबर नव्हता. पोरगी केवढीशी, मांडी माझ्या अंगठ्याएवढी. आणि सुई देणार ही, जिला बे त्रिक सहा पाठ व्हायला वर्ष लागलं होतं. मी तिला ओट्यावर नेऊन विचारलं, "बाई, औषध किती द्यायचं ते नीट येतं ना?" ती रागावली नाही. वहीत वजनापुढे लिहिलेलं मात्रेचं कोष्टक दाखवलं आणि म्हणाली, "तुम्ही ताडून पाहा गुरुजी." मी ताडून पाहिलं. बरोबर होतं. जावयानं अंगठा दिला.

ती रोज चिखल तुडवत येऊन जेंटामायसिनची सुई देई. येई तेव्हा आधी साबणानं हात धुवून वाळू देई, मग बाळाला हात. चौथ्या दिवशी मुलगी रडली, म्हणजे खरी रडली. आई चुलीजवळून उठून पाहायला आली. ती मुलगी आता वडश्याला दिली आहे, तिला दोन लेकरं आहेत, आणि मामा फोन करत नाही म्हणून तिची तक्रार असते.

आत्या हे पाहायला नव्हती. ती दोन वर्षं आधीच गेली.

पुढचे आकडे डिसेंबर १९९९ च्या लॅन्सेटमध्ये आले. तिसऱ्या वर्षी त्या ३९ गावांत नवजात मृत्यू हजारी २५ च्या आसपास आले होते. तुलनेच्या ४७ गावांत जवळपास ६० च होते. जंतुदोष झालेल्या बाळांत आधी शंभरातली सोळा-सतरा दगावत, ती तीनवर आली. गावठी बाईच्या हातात सुई दिली म्हणून शिकलेल्या डॉक्टरांनी नाकं मुरडली. मी कोणत्या तोंडानं त्यांना दोष देऊ? मीही ओट्यावर तोच प्रश्न विचारला होता. २००१ नंतर राज्यात आणखी सात ठिकाणी हीच रीत करून पाहिली आणि तिथेही मृत्यू निम्म्यावर आले. त्याच सुमारास राज्यातल्या निरनिराळ्या संस्थांनी आपापल्या भागातली बालमरणं मोजली. 'कोवळी पानगळ' या नावानं तो अहवाल निघाला. सरकारी नोंदीपेक्षा लेकरं कितीतरी अधिक मरतात हे त्यातून बाहेर आलं, आणि विधानसभेत गदारोळ झाला. मला आमच्या कोतवाल बुकाची पानं आठवली.

आता देशभर आशाताई बाळाच्या घरी जातात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा फेऱ्या, घरी जन्मलेल्यासाठी सात. २०११ पासून हे देशाचं धोरण आहे. सुई मात्र आशाच्या हातात दिली नाही. दवाखाने जवळ आले, रस्ते झाले, गरज पूर्वीइतकी नाही, असं सांगतात. आमच्या नाल्यावर पूल झाला हे खरं. पलीकडच्या जंगलातल्या गावांना अजून झालेला नाही.

२००१ च्या फेब्रुवारीत मी पुन्हा प्रगणक होतो. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती. पुन्हा शेवटी आपलं घर. आई थकली होती, ओसरीत बाजेवर पडून होती. मी प्रश्न वाचलाच नाही, ४ लिहायला लागलो होतो.

"पुसत नाही का रे?" ती म्हणाली. "ते बाई तं दर बारीनं पुसते. किती झाले, किती गेले."

"सांग मग."

तिनं बोटं धरली. चार आम्ही. मग एक रोवणीतला, चिखलातून घरी येईपर्यंत गेला. एक पौषातला. आणि एक मुलगी मोहफुलाच्या दिवसांत, सव्वा महिन्याची होऊन गेली. त्या मुलीचं मला काहीच ठाऊक नव्हतं. ती माझ्याही आधीची.

"सात लिही," ती म्हणाली.

मी जन्मलेल्यांत ७ लिहिलं आणि हयात असलेल्यांत ४.

"पोरीचं नाव ठेवलं होतं," आई म्हणाली, आणि नाव सांगितलं. कागदावर त्याला रकाना नव्हता. मी समासात पेन्सिलीनं लिहिलं आणि वर जमा करायच्या आधी खोडून टाकलं.